लाथ जमते, आता बोलायला शीक

पत्र

ताई, मी २२ वर्षांची आहे. कागल तालुक्यातल्या एका गावात राहते. आठव्या वर्षापासून तायक्वांदो खेळते. ब्लॅक बेल्ट आहे, राज्य पातळीवर सुवर्ण आणि राष्ट्रीय पातळीवर एक कांस्य मिळालंय. आजोबा गावच्या तालमीचे वस्ताद. त्यामुळे लाठी, दांडपट्टा, विटा (दोरी बांधलेला भाला) हेही घरातच शिकले, पण ते आपलं शिवजयंतीच्या मिरवणुकीपुरतं.

मध्यंतरी कोल्हापूरला एका मालिकेचं शूटिंग होतं. लढाईच्या सीनला पोरं-पोरी हव्या होत्या म्हणून आमच्या क्लबमधून गेलो. तिथल्या फाइट मास्तरांनी माझी किक बघितली आणि म्हणाले, "मुंबईला ये, हिरोइनची डुप्लिकेट म्हणून काम देतो. नशीब असेल तर पुढे तूच हिरोइन." तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. ब्रूस ली, जेट ली, विद्युत जामवाल, सगळे असेच आले ना?

त्याच शूटिंगवर भेटलेला एक कोऑर्डिनेटर म्हणतो, पोर्टफोलिओ (फोटोंचा अल्बम) आणि युनियनच्या कार्डाचे मिळून दीड लाख भर, महिनाअखेरपर्यंत. आई म्हणते, खेळाडू कोट्यातून पोलीस भरती दे आणि गप बस. माझे सर म्हणतात, सिनेमात गेलीस की खेळ बाटला. आणि एक सांगायचं राहिलं, डावा गुडघा अधूनमधून धरतो. मी काय करू?

— एक लढवय्यी, कोल्हापूर जिल्हा

उत्तर

तू गुडघ्याचं शेवटी, जाता जाता लिहिलंस. त्यावर मी सविस्तर बोलणार आहे. पण त्याआधी पैशांचं, कारण तिथे मुदत घातली आहे.

दीड लाख द्यायचे नाहीत. पन्नास हजार नाहीत, "आत्ता दहा दे, बाकीचे काम लागल्यावर" असंही नाही. काम देणारा माणूस काम करणाऱ्याला पैसे देतो. पैसे उलट दिशेने मागितले की समजायचं, त्याचा धंदा सिनेमाचा नाही, तुझ्यासारख्या पोरींच्या आशेचा आहे. सुरुवातीला लागतात चार साधे फोटो: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचा, दिवसाउजेडी, मेकअप न करता. ते तुझी मैत्रीण फोनवर काढू शकते. मुंबईत स्टंट कलाकारांची संघटना आहे. तिचं सभासदत्व घ्यायची वेळ आली तर नियम आणि फी संघटनेच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारायची, पैसे तिथेच भरायचे आणि पावती घ्यायची. मधला माणूस नको. महिनाअखेरची मुदत तुला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच घातलेली आहे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. "सगळे असेच आले ना?" असं तू विचारलंस. नाही, असे आले नाहीत. कसे आले ते नीट कळलं तर तुझा निर्णय अर्धा सोपा होईल.

ब्रूस लीपासूनच बघ. तो कुंग फू करायचा, कुणीतरी त्याची किक बघितली आणि तो स्टार झाला, अशी गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याचे वडील हाँगकाँगच्या कँटनीज ऑपेरातले नट होते. ब्रूस बाळ असल्यापासून कॅमेऱ्यासमोर होता. १९५९ मध्ये १८ वर्षांचा असताना तो अमेरिकेला गेला, तोवर त्याने जवळजवळ २० चित्रपटांत कामं केली होती, आणि ती मारामारीची नव्हती. रस्त्यावरचं पोर, अनाथ मुलगा, बिघडलेला तरुण अशा भूमिका होत्या. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं, त्यातून टीव्हीवाल्यांपर्यंत त्याचं नाव गेलं आणि १९६६ मध्ये एका मालिकेत नायकाच्या सोबत्याची भूमिका मिळाली. हे सगळं खरं आहे. पण त्या प्रात्यक्षिकाला उभा राहिलेला माणूस कसलेला नट होता. लोकांकडे कधी बघायचं, कधी थांबायचं, चेहरा कधी कोरा ठेवायचा हे त्याला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं होतं.

एवढं असूनही ती मालिका एका हंगामात बंद पडली. त्यानंतर काही वर्षं त्याने हॉलीवूडमधल्या लोकांना खासगी शिकवण्या देऊन घर चालवलं. १९७० मध्ये पाठीला मोठी दुखापत झाली आणि कित्येक महिने व्यायाम बंद पडला. १९७१ मध्ये हाँगकाँगला परत जाऊन केलेल्या चित्रपटाने त्याला खरं यश दिलं आणि २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला. नायक म्हणून त्याच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं आली. आपल्याला त्याचं पोस्टर तेवढं माहीत असतं.

टीव्हीच्या त्या दिवसांतली एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. ब्रूस लीचे हात इतके वेगाने चालायचे की कॅमेऱ्यात नुसतं काहीतरी हललेलं दिसायचं. त्याला वेग कमी करायला सांगावं लागलं. जगातला सर्वात वेगवान समजला जाणारा माणूस पडद्यासाठी हळू व्हायला शिकला. तुला नेमकं इथेच पहिलं अडणार आहे.

तायक्वांदोत तू १४ वर्षं काय शिकलीस? हेतू लपवायचा. खांदा हलू द्यायचा नाही, नजर जाऊ द्यायची नाही, गुडघा उचलून लाथ सुटली की लगेच पाय मागे घ्यायचा. समोरच्याला कळायच्या आत गुण मिळाला पाहिजे. कॅमेऱ्यासमोर हे सगळं उलटं होतं. आता लाथ येणार हे प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे, नाहीतर ती लागली हेच त्याला कळत नाही. पाय पूर्ण लांबवून क्षणभर तिथे दिसू द्यावा लागतो. तुझा ठोसा समोरच्याच्या चेहऱ्यापासून चांगला वीतभर लांबून जातो आणि कॅमेरा अशा बाजूला ठेवतात की मधलं अंतर दिसत नाही. ठोसा लागला हे पटवून देण्याचं काम मारणाऱ्यापेक्षा खाणारा जास्त करतो: मान कधी फिरवायची, श्वास कधी सोडायचा, पाय कधी सुटायचे. आवाज नंतर घालतात. आणि हे एकदा करून भागत नाही. फोकस चुकला म्हणून परत, मागचा माणूस मध्ये आला म्हणून परत, आणि प्रत्येक वेळी तोच वेग, तीच जागा. तुझा हात सहाव्या टेकला दोन इंच पुढे गेला तर समोरच्या पोराचं नाक फुटतं. स्पर्धेत समोरच्याला हरवणं हे तुझं काम असतं. सेटवर त्याला संध्याकाळी धडधाकट घरी पाठवणं हेही तुझंच काम असतं.

आणि आता तू एका वाक्यात उडवून लावलेल्या गोष्टीबद्दल. "लाठी, दांडपट्टा, विटा, पण ते आपलं मिरवणुकीपुरतं." पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं आणि तूच त्याला खाली ढकललंस.

पडद्यावर टिकलेल्या लढवय्यांची यादी काढ. जेट ली बीजिंगच्या वूशू (चिनी युद्धकला) संघात लहानाचा मोठा झाला, १९७५ ते १९७९ सलग पाच वर्षं राष्ट्रीय सर्वंकष विजेता होता. पण तो जिंकायचा ते समोरच्याला पाडून नाही. त्या प्रकारात एकट्याने, दुकट्याने किंवा शस्त्र घेऊन रचना सादर करायच्या असतात आणि परीक्षक डौल, तोल, नेमकेपणा बघतात. जॅकी चॅन सहा-सात वर्षांचा असताना हाँगकाँगमधल्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत गेला आणि दहा वर्षं तिथे राहिला. गाणं, मुखाभिनय, कोलांट्या, तलवार, काठी, सगळं रंगमंचासाठी. विद्युत जामवाल केरळात पालक्काडला अगदी लहानपणी कलरिपयट्टू शिकला, जिथे शस्त्रांच्या जोड्या ठरलेल्या क्रमाने खेळतात. या सगळ्यांची विद्या मुळात बघणाऱ्यासमोर करायची होती. कॅमेऱ्यासाठी त्यांना बदलावं लागलं, पण तुझ्यातल्या तायक्वांदोपटूला जेवढं बदलावं लागेल तेवढं नाही.

तुझ्या आजोबांचा मर्दानी खेळ असाच आहे. हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर, चारी बाजूंनी माणसं उभी असताना, पट्टा फिरवायचा. जमिनीवर ठेवलेलं लिंबू कापायचं पण खालची चादर फाटू द्यायची नाही. जोडीदाराच्या लाठीवर लाठी बरोबर त्या मात्रेला आदळायची. अंतर राखणं, ठेका धरणं, लांबच्या माणसालाही दिसेल असं मोठं हलणं, जोडीदाराला जपणं, सेटवर जे जे लागतं ते तुझ्या घरात आहे. शिवाय मराठीत ऐतिहासिक मालिका आणि चित्रपट सतत होतात, आणि दांडपट्टा खरोखर येणाऱ्या मुली त्या कामाला फारशा मिळत नाहीत. आजोबांकडे रोज तासभर जा. मिरवणुकीपुरतं नको, पूर्ण शीक. दोन्ही हातांनी शीक. ते चालवतात तेव्हा व्हिडिओ करून ठेव.

सरांच्या म्हणण्याचं उत्तर याच्यातच आहे. ते रागावले आहेत कारण १४ वर्षं त्यांनी तुझ्यावर मेहनत घेतली आणि आता ती खोट्या मारामारीत जाईल असं त्यांना वाटतंय. त्यांच्या रागाचा मान ठेव. पण खेळ बाटतो तो पैशासाठी सामना सोडला तर, वय लपवलं तर, खोटं प्रमाणपत्र घेतलं तर. कुणालाही इजा न करता लढाई दाखवणं ही वेगळी विद्या आहे आणि तीही कष्टानेच येते. सरांना एकदा शूटिंगच्या तालमीला घेऊन जा, बघू देत.

इथवर तुझ्या बाजूचं बोलले. आता जे ऐकायला कडू लागेल ते.

१९८५ मध्ये हाँगकाँगमध्ये 'येस, मॅडम' नावाचा चित्रपट आला. त्यात दोन पोलीस अधिकारी, दोघी बायका. एक होती अमेरिकेची सिंथिया रॉथरॉक. खरीखुरी जगज्जेती, शस्त्रं आणि रचना या प्रकारांत १९८१ ते १९८५ अशी पाच वर्षं. दुसरी मलेशियातल्या इपोहची मिशेल यो. तिला मार्शल आर्टचा गंधही नव्हता. ती बॅले शिकलेली होती, पाठीच्या दुखण्यामुळे नाच सुटला आणि १९८३ मध्ये ती मलेशियाची सौंदर्यस्पर्धा जिंकली होती. या चित्रपटासाठी ती व्यायामशाळेत स्टंटवाल्या पोरांबरोबर घाम गाळून लढायला शिकली. दोघींनी त्यात अशी काही मारामारी केली की लोक आजही बघतात.

पुढे काय झालं? रॉथरॉकने हाँगकाँगमध्ये आणखी काही चित्रपट केले, मग अमेरिकेत परतली आणि बरीच वर्षं व्हिडिओ बाजारासाठी निघणाऱ्या कमी खर्चाच्या मारधाडपटांची नायिका राहिली. मान मिळाला, चाहते मिळाले, तिने शिकवलंही. मी तिच्या कारकिर्दीला हिणवणार नाही. बायकांना असं काम कुणी देत नव्हतं तेव्हा तिने ते केलं. पण तिला भूमिका मिळत राहिल्या त्या एकाच साच्याच्या. मिशेल यो लढत राहिली आणि त्याबरोबर अभिनयात खोल उतरत गेली. २००० साली आलेल्या दिग्दर्शक आंग लीच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या चित्रपटासाठी तिने मँडरिन भाषेतले संवाद उच्चारावरून पाठ केले, कारण ती भाषा तिला येत नव्हती. त्या चित्रपटातलं तिचं मन दाबून ठेवलेलं प्रेम लोकांच्या लक्षात राहिलं, तलवार नंतर. २०२३ मध्ये, वयाच्या ६० व्या वर्षी, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

दोघींच्या वाटा वेगळ्या होण्यामागे देश, बाजार, योगायोग असं पुष्कळ काही असणार. तरी मला जे दिसतं ते सांगते. चांगली लाथ मारणारी मुलगी पुढच्या वर्षी आणखी एक येते, वयाने लहान, तुझ्यापेक्षा लवचीक. फक्त लाथेवर उभी असलेली कारकीर्द त्या दिवशी डगमगते.

आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घे. मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून सुरुवात करून ते मुंबईत गेले आणि मूकपटांच्या जमान्यात तलवारबाजी, घोडदौड, उड्या यांवर देशातले मोठे नायक झाले. भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणायचे लोक त्यांना. १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला तेव्हा नायक म्हणून त्यांनाच घेतलं. पण चित्रपट बोलू लागला होता आणि विठ्ठलांची हिंदुस्तानी त्या पडद्याला पुरेशी नव्हती. म्हणून दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी त्यांना बराच वेळ गुंगीत असलेला माणूस दाखवलं, म्हणजे बोलायलाच नको. भारतातल्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याला शक्यतो बोलू दिलं नाही! पुढे मराठी चित्रपटांत त्यांनी कामं केली, पण हिंदीत मूकपटाच्या काळातली जागा त्यांना परत मिळाली नाही. त्यांचं अंग तेवढंच तयार होतं, तलवार तीच होती.

तू फोनवर स्वतःचा आवाज ऐकला आहेस का? मनापासून विचारतेय. तुझी बोली गोड आहे आणि ती मुळीच सोडायची नाही. आपल्या भागातल्या भूमिकांना तीच लागणार. पण त्याबरोबर प्रमाण मराठी आणि स्वच्छ हिंदी तोंडात बसली पाहिजे. रोज अर्धा तास मोठ्याने वाच. मराठीचं एक पान, हिंदीचं एक पान. ध्वनिमुद्रण करून ऐक, चुकलेले शब्द लिहून काढ. हे करायला मुंबई लागत नाही आणि दीड लाखही लागत नाहीत.

एक मुलगी तुझ्या अगदी जवळची वाटेल. रितिका सिंह. मुंबईची, वडिलांकडे किकबॉक्सिंग शिकलेली, मिश्र मार्शल आर्टच्या व्यावसायिक लढती खेळलेली. दिग्दर्शिका सुधा कोंगरा यांना बॉक्सरच्या भूमिकेसाठी खरी लढणारी मुलगी हवी होती. २०१६ मध्ये तो चित्रपट तमिळ आणि हिंदीत आला तेव्हा रितिका २१ वर्षांची होती. चेन्नईच्या कोळीवाड्यातल्या भांडखोर पोरीची भूमिका होती ती आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. म्हणजे निवड लढण्यामुळे झाली, हे खरं. पण माझं लक्ष त्याच वर्षीच्या तिच्या पुढच्या तमिळ चित्रपटावर आहे. त्यात ती वार्ताहर आहे. मारामारी नाही, माणसांशी बोलणं आहे. ती दुसरी भूमिका तिला पेलता आली म्हणून पुढचं सगळं आलं. तुझी दुसरी भूमिका कुठली असेल, याचा विचार आत्तापासून कर.

हे जमतं, वय झालं म्हणून थांबतही नाही. चक नॉरिस कराटेचा मोठा विजेता होता, तरी पस्तिशीच्या उंबरठ्यावर अभिनयाच्या वर्गात जाऊन बसला. आपले दारासिंग साठच्या दशकात पैलवान म्हणून पडद्यावर गाजले आणि घराघरात पोहोचले ते १९८७ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, दूरदर्शनच्या 'रामायणा'तल्या हनुमानामुळे. गदा होतीच, पण लोकांनी हात जोडले ते त्या डोळ्यांतल्या भक्तीला.

आता गुडघा. "अधूनमधून धरतो" म्हणजे काय? जिना उतरताना दुखतो, की वळताना सटकल्यासारखा होतो? दुसरं असेल तर एक दिवसही उशीर करू नकोस. तायक्वांदोत एका पायावर गरकन फिरताना गुडघ्याच्या आतला बंध फाटायचे प्रसंग खूप येतात, आणि अर्धवट फाटलेल्या बंधावर उडी मारली की तो पूर्ण जातो. मिशेल योचा हाच बंध मघाशी सांगितलेल्या २००० सालच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात फाटला होता. तिला शस्त्रक्रिया करावी लागली. तरी तिची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, कारण ती मुख्य अभिनेत्री होती. डुप्लिकेटसाठी कुणी थांबत नाही, दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी उभी राहते. याच मिशेलला १९९६ च्या एका चित्रपटात पुलावरून उडी मारताना मणक्याला गंभीर इजा झाली होती. जॅकी चॅनची कवटी १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात झाडावरून पडून फुटली होती. हे तुला घाबरवायला सांगत नाही. ही माणसं जगातल्या सर्वात तयार लोकांपैकी होती, तरी शरीराने हिशेब मागितलाच. कोल्हापूरला चांगल्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव, त्यांनी सांगितलं तर एमआरआय कर, आणि त्याचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याही सेटवर उडी मारायची नाही. मास्तर कितीही म्हणाले, "एकच शॉट आहे गं", तरी.

डुप्लिकेटचं काम करावं का? करावं. चेहरा दिसत नाही म्हणून ते कमी प्रतीचं नाही. कॅमेरा कुठे आहे हे न बघता ओळखणं, हार्नेस अंगात असताना श्वास घेणं, गादीवर कसं पडायचं, हे दुसरीकडे कुठेही शिकायला मिळणार नाही. जॅकी चॅनही स्टंटवाला म्हणून पडत-मार खात वर आला. पण मास्तरांच्या "नशीब असेल तर पुढे तूच हिरोइन" या वाक्यावर जाऊ नकोस. ते त्यांनी प्रेमाने म्हटलं असेल, तरी ते देणं त्यांच्या हातात नाही. त्यांना फोन करून सरळ विचार: काम कुठल्या निर्मितीचं आहे, तालीम किती दिवस आहे, पैसे कोण आणि कधी देणार, सेटवर रुग्णवाहिका असते का, विमा कुणाचा. स्टंट कलाकारांसाठी २०१७ मध्ये अक्षय कुमारच्या पुढाकाराने विमा योजना सुरू झाली, कारण त्याआधी या लोकांना विमा मिळणंच अवघड होतं. म्हणून हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला फाइट मास्तर तो प्रश्न ऐकून तुझ्यावर खूश होईल.

पहिल्या भेटीला एकटी जाऊ नकोस. भेट ऑफिसमध्ये किंवा तालमीच्या जागी, दिवसा. हॉटेलच्या खोलीत किंवा रात्री नऊनंतर "मीटिंग" असेल तर ती मीटिंग नसते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चित्रीकरणालाही लागू आहे. कंपनीकडे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असली पाहिजे, आणि ती कुठे आहे हे विचारायचा तुला हक्क आहे.

राहता राहिली आई. तिचं म्हणणं तू "गप बस" एवढ्यावर आणून ठेवलंस, पण तिचा हिशेब पक्का आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तुझ्या हातात पदक आहे, भरतीच्या वयाला अजून अवकाश आहे. आधी तुझी प्रमाणपत्रं विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून पडताळून घे. तुझी स्पर्धा आणि संघटना नियमात बसते की नाही हे तिथेच कळेल, आणि हे काम ऐनवेळी होत नाही. भरतीची मैदानी चाचणी, म्हणजे ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, तुझ्यासारखीला जड नाही. लेखी परीक्षेचा अभ्यास मात्र करावा लागेल. फॉर्म भर, परीक्षा दे. पण हेही आईपासून लपवू नकोस की सरकारी नोकरीत राहून पैसे घेऊन पडद्यावर काम करायचं तर परवानगी लागते. एकदा वर्दी घातली की दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही. निवड झाली तर त्या दिवशी खरा निर्णय घ्यावा लागेल, आणि तो घेताना तुझ्याकडे आजच्यापेक्षा जास्त माहिती असायला हवी.

म्हणून माझं मत असं. मुंबईला आत्ता राहायला जाऊ नकोस. एक वर्ष घे. कोल्हापूर हे राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आहे, तिथे हौशी संस्था दरवर्षी नाटकं बसवतात आणि त्यांना पडेल ते काम करणारी माणसं हवीच असतात. एका संस्थेत जा. पहिल्यांदा पडदा ओढ, चहा दे, तालीम बघ. मग चार वाक्यांची भूमिका माग, आणि मारामारीची नको, मुद्दाम. रडणारी, चिडणारी, खोटं बोलणारी बाई कर. तुला वाटेल त्यापेक्षा ते अवघड जाईल, कारण तुझं शरीर बोलायला शिकलंय आणि चेहरा आवरायला शिकलाय. रिंगणात भीती दिसू दिली तर हार होती. इथे ती दिसू द्यायची आहे. कोल्हापूर चित्रनगरीत काही चित्रीकरण लागलं तर, गुडघा बरा असेल तर, त्या मास्तरांबरोबर दोन-चार दिवसांचं काम कर. प्रवेश घ्यावासा वाटला तर पुण्याला विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम आहे. पण आधी वर्षभर नाटक करून बघ, खरंच आवडतंय का ते. कदाचित तुझ्या लक्षात येईल की तुला अभिनय नकोच आहे, फाइट मास्तर व्हायचंय. या धंद्यात बायका आजही फार थोड्या आहेत आणि तुझ्यासारखी पट्टा आणि किक दोन्ही येणारी मुलगी तिथे सोनं ठरेल. तसं झालं तर मला अभिनेत्री झालीस त्यापेक्षा कमी आनंद होणार नाही.

वर्षाने तुझ्याकडे एक-दोन नाटकं असतील, आवाज असेल, गुडघ्याचा निकाल असेल, भरतीचा निकाल असेल, आणि एक मिनिटाची चित्रफीत असेल ज्यात तू आधी नाव, वय, उंची सांगतेस, मग चार वाक्यं बोलतेस आणि मग पट्टा फिरवतेस. या क्रमाने. पट्टा शेवटी. ती चित्रफीत घेऊन मुंबईला आठ दिवस जा, नातेवाइकांकडे उतर, मास्तरांना भेट.

कोऑर्डिनेटरला आजच कळव की पैसे भरणार नाही. तो म्हणेल, संधी जाईल. जाऊ दे. आईला हे उत्तर वाचायला दे, आणि आजोबांना विचार की पट्टा कधीपासून शिकवायला घेतात.

तुझी,
ताई